समर्थनगरचा रविवारचा बँकिंग कायद्याचा क्लास: आठही रविवार करून लिहितेय

क्लासला नाव नाही, बोर्ड नाही, इन्स्टावर पेज नाही. समर्थनगरात एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिचा हॉल रविवारी सकाळी दहा ते एक मॅडम भाड्यानं घेतात आणि तिथं आंतरराष्ट्रीय बँकिंग आणि फायनान्सचा कायदा शिकवतात, तोही मराठीतून. आठ रविवार, फी साडेचार हजार, त्यात झेरॉक्सच्या नोट्स आणि मधल्या सुट्टीतला चहा आला. मॅडमनी त्यांचं नाव कुठं टाकू नका म्हणून सगळ्यांना सांगितलंय, म्हणून मी पण नुसतं मॅडमच लिहितेय. पण लिहायचंच होतं, कारण आपल्या संभाजीनगरात असलं काही शिकायला मिळतं हे मला एका झेरॉक्सवाल्याकडून कळलं, नाहीतर कधी कळलंच नसतं.

मी मूळची जिंतूर तालुक्यातली, आता नऊ वर्षं झाली वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत एक्स्पोर्टचे कागद बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, सगळं माझ्या टेबलवरून जातं. एलएलबी केलंय पण सनद घेतली नाही, घरच्या अडचणी होत्या, नोकरी धरली. त्यामुळं कायदा आणि बँक दोन्ही माहिती आहे पण दोन्हीच्या मधलं जे आहे ते कुणी कधी शिकवलंच नव्हतं. कॉलेजला बँकिंगचा पेपर होता, त्यात चेक बाउन्स आणि बँकर-कस्टमर नातं एवढंच.

आधी मॅडमबद्दल, कारण अर्धा क्लास म्हणजे त्यांचं करिअरच आहे. पहिल्या रविवारी त्यांनी स्वतःची ओळख करून द्यायलाच पाऊण तास घेतला आणि मला आधी वाटलं की हे काय, विषय कधी सुरू होणार, पण विषय सुरूच झालेला होता. त्या औसा तालुक्यातल्या. वडील लातूरला मार्केट यार्डात आडतीवर मुनीम. लहानपणी शाळा सुटली की त्या आडतीच्या गादीवर बसायच्या आणि पट्ट्या बघायच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत कापून हातात काय पडणार तो कागद. त्यांचं म्हणणं, माणूस पैशावर विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवतो, हे मी नऊ वर्षांची असताना शिकले.

मग ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. किल्लारी औसा तालुक्यातच येतं, मॅडमचं गाव तिथून फार लांब नाही. त्या तेव्हा इथं औरंगाबादला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. गावाकडं काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही पण विचारलं नाही. पुढचं मात्र सांगितलं. पुनर्वसनाचं काम सुरू झालं, नवी गावठाणं बसली, आणि सगळीकडं एकच ऐकू यायचं, जागतिक बँकेचा पैसा आलाय. तर ह्यांच्या डोक्यात आलं की आला म्हणजे कसा आला? कर्ज आहे तर कागद असणार, कागद आहे तर कुणीतरी सही केली असणार. किल्लारीच्या माणसाच्या घरासाठी वॉशिंग्टनमधल्या संस्थेनं कर्ज दिलं, तर उद्या भांडण झालं तर कायदा कुठला लागणार, आपला का अमेरिकेचा? कॉलेजातल्या सरांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या तो प्रश्न मी पुढं तीस वर्षं पोटापाण्याला वापरला.

उत्तर त्यांनी आम्हाला त्याच दिवशी दिलं आणि मला ते लई आवडलं. अशा प्रकल्पात कर्जाचा करार होतो भारत सरकारशी, आणि जे राज्य काम करणार त्या राज्याशी वेगळा प्रकल्प करार होतो. आणि जागतिक बँकेच्या सर्वसाधारण अटींमध्ये असं स्पष्ट लिहिलेलं असतं की कुठल्याही देशाचा कायदा काहीही म्हणो, ह्या करारातले हक्क आणि जबाबदाऱ्या करारात लिहिल्याप्रमाणंच लागू राहतील. म्हणजे आपला पण नाही आणि अमेरिकेचा पण नाही. खासगी बँकेचं कर्ज असतं तर त्यात लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा कायदा लिहिलेला असता. हे ऐकल्यावर मी घरी जाऊन आमच्या कंपनीचे सगळे करार काढले आणि शेवटच्या पानावर कुठला कायदा लिहिलाय ते बघितलं. नऊ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

पुढचं करिअर थोडक्यात सांगते. एलएलएम इथंच केलं, मग तीन वर्षं तासिका तत्त्वावर लॉ कॉलेजला शिकवलं, पगार कधी चार महिन्यांनी तर कधी सहा महिन्यांनी, मग स्कॉलरशिपवर लंडन, तिथं बँकिंग कायद्यात परत एलएलएम, नंतर पीएचडी, आणि मग तिथंच पंधराएक वर्षं शिकवलं. मधली दोन वर्षं एका आफ्रिकन देशाच्या सरकारला कर्जाच्या करारांवर सल्ला देणाऱ्या टीममध्ये होत्या. आई थकली म्हणून परत आल्या. आता आठवड्यातून एक दिवस हा क्लास आणि बाकी वेळ लिखाण.

हे सगळं लिहायचं कारण असं की बऱ्याच क्लासमध्ये सर लोक पुस्तकातलं शिकवतात, इथं बाई जिथं होत्या तिथलं शिकवतात. लीमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली तेव्हा त्या लंडनमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं लेक्चर होतं. मुलांनी विचारलं, लीमनच्या लंडन ऑफिसमध्ये ज्या ग्राहकांचे पैसे पडून होते ते आता ग्राहकांचे का लीमनच्या देणेकऱ्यांचे? ग्राहकांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा असा नियम होता, पण बऱ्याच जणांचा तसा ठेवलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या मी वर्गात सांगितलं की मला आज ह्याचं उत्तर माहिती नाही. आणि खरंच उत्तर कुणाकडंच नव्हतं, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं त्यावर निकाल दिला २०१२ च्या फेब्रुवारीत. ज्यांचा पैसा वेगळा ठेवला नव्हता त्यांनाही त्यात वाटा मागता येईल असा. साडेतीन वर्षं फक्त नियम ठरवायला. आमच्या बॅचला एका पतसंस्थेत पैसे अडकलेल्या घरातला मुलगा होता, तो हे ऐकताना लिहायचं थांबला होता.

पहिल्याच रविवारचं अजून एक. त्यांनी फळ्यावर दोन घड्याळं काढली, एक जर्मनीतल्या कोलोनचं आणि एक न्यूयॉर्कचं. २६ जून १९७४, कोलोनची हेरस्टाट बँक. तिकडं दुपार सरली, बँकेचा दिवस संपला आणि सरकारनं लायसन काढून घेतलं. पण न्यूयॉर्कला तेव्हा सकाळ होती. ज्यांनी ह्या बँकेला जर्मन मार्क देऊन टाकले होते त्यांना बदल्यात डॉलर मिळायचे होते न्यूयॉर्कमध्ये, आणि ते मिळालेच नाहीत. बस, एवढ्या घड्याळाच्या फरकावरून जगातल्या मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँका एकत्र बसल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी बँकांचे नियम सुचवणारी बेसल कमिटी झाली. तिचेच १९८८ चे नियम, की बँकेनं जोखमीच्या मालमत्तेवर किमान आठ टक्के भांडवल ठेवायचं. आपल्याकडं रिझर्व्ह बँक कमर्शियल बँकांना नऊ टक्के ठेवायला लावते. नागरी बँकेतले जे लॉ ऑफिसर आमच्या बॅचला होते ते म्हणाले आम्ही सीआरएआरचे, म्हणजे ह्याच भांडवलाच्या टक्क्याचे, रिटर्न दर तिमाहीला भरतो, पण ते कुठून आलं हे आज कळलं.

आता माझा स्वतःचा विषय, एलसी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी मॅडमनी दिलेलं उदाहरणच देते. लातूरची एक डाळ मिल मोझांबिकवरून तूर मागवते. तिकडचा माणूस म्हणतो आधी पैसे दे, मिलवाला म्हणतो आधी तूर दाखव. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मग मिलवाल्याची बँक लिहून देते की अमुक अमुक कागद बरोबर आले की मी पैसे देईन. म्हणजे बँकेनं शब्द दिला, आणि तो शब्द तुरीवर नाही, कागदावर. मॅडमचं वाक्य आमच्या बॅचला पाठ झालंय, "बँक डाळ शिजवून बघत नाही, कागद वाचते." हे सगळं ज्या नियमांवर चालतं ते यूसीपी ६००, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, १ जुलै २००७ पासून लागू, फक्त ३९ कलमं. कुठल्या संसदेनं केलेला कायदा नाही, व्यापाऱ्यांच्या आणि बँकांच्या संस्थेनं केलेले नियम, आणि तरी जगभर चालतात कारण प्रत्येक एलसीमध्ये लिहिलेलं असतं की हे नियम लागू.

तर झालं असं होतं, गेल्या वर्षी आमचा कागदांचा एक सेट बँकेत अडकला. खरेदीदाराच्या सिस्टीममध्ये आमचा पत्ता जुना होता, एलसीवर औरंगाबाद आलं. शहराचं नाव २०२३ मध्ये बदलल्यावर आमच्या लेटरहेडवर, इन्व्हॉइसवर छत्रपती संभाजीनगर. बँकेनं, कुठली ते लिहीत नाही, डिस्क्रिपन्सी म्हणजे तफावत काढली की लाभार्थीचा, म्हणजे पैसे मिळणाऱ्या आमचा, पत्ता एलसीप्रमाणं नाही. डिस्क्रिपन्सी चार्जेस कापले, कागद तिकडं मंजुरीसाठी पाठवले, पेमेंट तेवीस दिवस उशिरा आलं आणि तेवीस दिवस पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे एक्स्पोर्टच्या मालासाठी काढलेल्या कर्जाचं, व्याज चालू. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जे ऐकवलं ते ऐकवलं. मला वाटायचं चूक माझीच, मी एलसी आल्या आल्या दुरुस्ती मागायला पाहिजे होती.

तिसऱ्या रविवारी मी हात वर करून हे सांगितलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या यूसीपीचं कलम चौदा काढ, त्यातलं उपकलम 'जे' वाच, मोठ्यानं. मी वाचलं. लाभार्थीचा किंवा अर्जदाराचा (एलसी उघडणाऱ्या खरेदीदाराचा) पत्ता कागदावर आला तर तो एलसीतल्या पत्त्यासारखाच असायची गरज नाही, फक्त देश तोच पाहिजे.

"तुमच्या इन्व्हॉइसवर देश कुठला होता?"

"इंडिया, मॅडम."

"एलसीवर?"

"इंडिया."

मग त्या म्हणाल्या, "मग काहून सोसलंस गं बाई?"

हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मला खरं सांगते रडू आलं होतं, तेवीस दिवसांचं नाही, त्या केबिनचं. नऊ वर्षं ज्या नियमांवर माझं पोट चाललंय ते नियम मी कधी ओळीनं वाचले नव्हते, बँकेतल्या माणसानं सांगितलं तेच नियम असं धरून चालले होते. पण मॅडमनी तिथं सोडलं नाही, त्याच उपकलमाची पुढची ओळ पण वाचायला लावली, की अर्जदाराचा पत्ता जर बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनी (माल घेणारा) किंवा नोटिफाय पार्टी (माल आल्याचं ज्याला कळवायचं तो) म्हणून येत असेल तर मात्र तो एलसीप्रमाणंच पाहिजे. अर्धं कलम वाचून भांडायला जाऊ नको म्हणाल्या. आणि सोळावं कलम, कागद नाकारायचे असतील तर बँकेनं पाच बँकिंग दिवसांच्या आत एकाच नोटिशीत सगळ्या चुका सांगायच्या, आज एक उद्या दुसरी असं चालत नाही. मागच्या महिन्यात तसाच जुन्या पत्त्याचा एलसी परत आला. मी कव्हरिंग लेटरमध्ये चौदा-जे लिहून सेट दिला. पास झाला, फोनसुद्धा आला नाही.

त्याच तिसऱ्या रविवारी त्यांनी एक जुना खटला सांगितला तो पण लिहिते, कारण तो आपल्या देशातून गेलेल्या मालाचा आहे. १९४१, न्यूयॉर्क. श्टाइन नावाच्या व्यापाऱ्यानं लखनौच्या कंपनीकडून ब्रशला लागणारे राठ केस मागवले, एलसी उघडला. लखनौवाल्यांनी पन्नास पेट्या भरून पाठवल्या, त्यात गाईचे केस आणि कचरा. कागद मात्र एक नंबर, काना-मात्रेची चूक नाही. आता बँक तर कागदच बघते, मग पैसे द्यायचे? कोर्टानं म्हटलं, माल थोडा कमी प्रतीचा असता तर बँकेनं त्यात पडायचं नाही, पण इथं मालच पाठवला नाही, ही सरळ फसवणूक आहे आणि ती पैसे द्यायच्या आधीच उघड झाली आहे, तर बँकेला थांबवता येतं. जगभर एलसीतल्या फसवणुकीचा अपवाद ह्या खटल्यापासून शिकवतात. आपलं सुप्रीम कोर्ट पण बँक गॅरंटीच्या निकालांमध्ये त्याचा आधार घेतं. बॅचमधले दोन वकील डीआरटीला, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात, प्रॅक्टिस करतात, त्यांनी नंतर अर्धा तास मॅडमना सोडलं नाही.

पाचवा रविवार सगळ्यात भारी गेला. मॅडम आल्या त्या हातात एक रुपया घेऊन, हाली सिक्का, चारमिनार असलेला. आमच्या घरी आजीच्या पेटीत असले दोन आहेत, आजा सांगायचा की पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर पण बरीच वर्षं बाजारात दोन्ही चालायचे, निजामाचा पण आणि आपला पण. मॅडमनी तो रुपया पहिल्या बाकावरून फिरवला आणि विचारलं, १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, त्याच आठवड्यात लंडनला काय झालं माहितीये? कुणालाच माहिती नव्हतं.

२० सप्टेंबर १९४८. निजामाच्या सरकारचं लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत खातं होतं. हैदराबाद तीन दिवसांपूर्वी शरण गेलेलं. निजामाचे अर्थमंत्री तेव्हा देशाबाहेर होते, त्यांनी त्या खात्यातले १० लाख ७ हजार ४९० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधले हायकमिशनर रहिमतुल्ला ह्यांच्या नावावर वळवले. आठवड्याच्या आत निजामानं बँकेला कळवलं की माझी परवानगी नव्हती, पैसे परत करा. बँक म्हणाली ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाहीत. निजाम कोर्टात गेला. १९५७ ला हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, सांगितलं की परक्या सार्वभौम देशाला आमच्या कोर्टात खेचता येत नाही, खटला थांबला. बँकेनं पण पैसे कुणालाच दिले नाहीत. पैसे तसेच पडून, व्याज चढत.

मॅडम इथं थांबल्या आणि विचारलं की आता सांगा, ही गाठ सुटणार कशी. आम्ही काय काय सांगितलं, संयुक्त राष्ट्र, वाटाघाटी, सगळं. त्या म्हणाल्या २०१३ ला पाकिस्ताननं स्वतःच पैशासाठी दावा लावला. आणि स्वतः दावा लावला की मला कोर्टात ओढता येत नाही हे म्हणायची सोय राहत नाही. बंद पडलेलं दार आतून उघडलं. २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती मार्कस स्मिथ ह्यांनी निकाल दिला की रहिमतुल्लांकडं ते पैसे विश्वस्त म्हणून होते, खरा हक्क निजामाचा, आणि त्याच्यामार्फत भारत सरकारचा आणि निजामाच्या नातवांचा. दहा लाखांचे तोवर साडेतीन कोटी पौंड झाले होते.

मला ह्यात काय लागलं ते सांगते. तो पैसा निजामाच्या खजिन्यातून गेलेला, आणि खजिना भरला कुणी? आमच्या परभणी जिल्ह्यातल्या, बीडच्या, नांदेडच्या रानानं. आजानं शेतसारा भरलेला आहे. एकाहत्तर वर्षं तो पैसा लंडनच्या एका खात्यात होता आणि आम्ही मुक्तिसंग्राम शाळेत शिकलो तेव्हा त्यातलं एक अक्षर नव्हतं. उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी टाकलेला छापा माहिती आहे, लंडनची बँक माहिती नाही. मॅडम म्हणाल्या की मी हा खटला लंडनमध्ये ब्रिटिश आणि चिनी पोरांना वीस वेळा शिकवला, पण ज्यांचा आहे त्यांना आज पहिल्यांदा शिकवतेय. आवाज बदलला होता त्यांचा.

त्याच ओघात हैदराबाद बँकेचा पण इतिहास झाला. आपल्याकडं अजून जुनी माणसं हैदराबाद बँकच म्हणतात, १९४१ ला निजामानं काढलेली, नंतर स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन. माझं पहिलं पासबुक तिथलंच, जिंतूरचं.

सहावा रविवार, सरकारं कर्ज बुडवतात तेव्हा. इथं अर्जेंटिनाची गोष्ट आली, २००१ ला देशानं कर्ज थकवलं, बहुतेक देणेकऱ्यांनी नंतर तडजोड घेतली, एका फंडानं घेतली नाही आणि वसुलीसाठी २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये घानाच्या तेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिडाचं जहाजच अडकवलं. दोन-अडीच महिने. समुद्र कायद्याच्या न्यायाधिकरणानं डिसेंबरात सोडायला लावलं. आमच्याकडं सावकार बैलजोडी सोडून न्यायचा तसंच झालं की हे, असं मागून कुणीतरी बोललं आणि मॅडम म्हणाल्या अगदी तसंच, फरक एवढाच की देशाचं दिवाळं काढायला कुठलं कोर्टच नाही, म्हणून सगळं करारात आधीच लिहावं लागतं. आफ्रिकेतल्या दोन वर्षांचं त्या इथं बोलल्या. कर्ज घेताना मंत्र्यांसमोर तीनशे पानांचा इंग्रजी करार आणि सही करायला दोन दिवस. त्यांचं काम ते वाचून सांगणं की ह्या ओळीमुळं उद्या तुमचं काय काय जप्त होईल. मला त्यांच्या सगळ्या करिअरमधलं हे काम सगळ्यात मोठं वाटलं, पीएचडीपेक्षा पण.

आता जे पटलं नाही ते. सातवा रविवार डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे चलन, व्याजदर ह्यांच्या चढउतारावरच्या सौद्यांचा, त्यासाठीचा आयएसडीए संघटनेचा मास्टर करार, नेटिंग म्हणजे देणं-घेणं वळतं करणं वगैरे, तो माझ्या आणि अर्ध्या हॉलच्या डोक्यावरून गेला. त्याला दोन रविवार पाहिजेत आणि उदाहरणं आपल्याकडची पाहिजेत, एवढं सोपं करून सांगणाऱ्या मॅडम तिथं घाई करतात. लायबॉर हा कर्जाचं व्याज ठरवायचा जुना आधारदर बंद होऊन सोफर हा नवा आला तो भाग मात्र कामाचा होता, आमचं परकीय चलनातलं पॅकिंग क्रेडिट आधी लायबॉरवर होतं, डॉलर लायबॉरचे मुख्य दर ३० जून २०२३ नंतर बंदच झाले, आणि बँकेनं सही करून घेतलेलं ते पुरवणी पत्र का होतं हे मला आता कळलं. नोट्सची झेरॉक्स फिकट आहे, काही पानं वाचताच येत नाहीत, ह्यापेक्षा पीडीएफ द्यावी. रेकॉर्डिंग करू देत नाहीत, एक रविवार चुकला की चुकला. माइक नाही, मागं बसलात तर पंख्याच्या आवाजात निम्मं जातं, म्हणून पावणेदहाला जाऊन पुढं बसा. लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, मी क्रांती चौकाकडं लावून चालत जायची. प्यायचं पाणी घरून न्या.

आणि नागरी बँका, पतसंस्था ह्यावर फारच कमी आहे. आपल्या भागात लोकांचे पैसे अडकलेत ते तिथंच. ठेव विम्याचे पाच लाख, फेब्रुवारी २०२० पासून, आधी एकच लाख होते, आणि पतसंस्थेला तो विमाच नाही, हे त्यांनी सांगितलं पण दहा मिनिटांत. विषय आंतरराष्ट्रीय आहे हे मान्य, तरी एक रविवार ह्याला द्यावा असं मी फीडबॅकच्या कागदावर लिहून दिलंय. आमच्या बॅचला बत्तीस जण होते, त्यातल्या निदान दहाबारा जणांना तेच विचारायचं होतं.

स्पर्धा परीक्षावाल्यांनी मार्कांसाठी येऊ नये, जेएमएफसीची, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी करणारी तीन पोरं दुसऱ्याच रविवारी गळाली. वकील, सीए, आर्टिकलशिपची पोरं, बँकेत लोन किंवा फॉरेक्स बघणारे, एक्स्पोर्टवाले, ह्यांनी जरूर जावं. आणि लॉच्या मुलींनी तर जावंच. शेवटच्या रविवारी मॅडमनी निम्मा वेळ फक्त ह्या पोरांना दिला, बाहेर शिकायला जायचं कसं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अर्जात प्रश्न कसा मांडायचा, सगळं. एका मुलीनं विचारलं, मॅडम, आपल्यातल्या माणसाला हा विषय जमतो का, इंग्रजी, लंडन, बँका?

मॅडमनी तिला खिडकीपाशी नेलं आणि नागसेनवन, म्हणजे बाबासाहेबांच्या कॉलेजचा परिसर, कुठल्या बाजूला येतं ते विचारलं. मग सांगितलं की बाबासाहेब १९२२ ला लंडनला बॅरिस्टर झाले आणि १९२३ ला तिथंच रुपयाच्या प्रश्नावर डीएससी घेतली, कायदा आणि पैसा दोन्ही एकाच माणसाकडं. भारताच्या चलनावर जे हिल्टन यंग कमिशन बसलं त्याच्यासमोर जाऊन साक्ष दिली. त्याच कमिशननं मध्यवर्ती बँक काढा म्हटलं आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. आणि त्या माणसानं १९५० ला कॉलेज काढलं ते ह्या गावात. "तू कुठल्या गावात उभी राहून विचारायलीस बघ," एवढंच म्हणाल्या. ती मुलगी कन्नड तालुक्यातली आहे, एलएलबीच्या चौथ्या वर्षाला. तिनं पुढच्या बॅचला परत नाव दिलंय, मॅडमनी तिच्याकडून फी घेतली नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो सातव्या रविवारचा आणि झेरॉक्सचा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नावनोंदणी अभ्यासिकेच्या खालच्या झेरॉक्सच्या दुकानात होते, वहीत नाव आणि नंबर लिहायचा, पैसे पहिल्या रविवारी. यूसीपी ६०० ची प्रत घेऊन जा, तिसऱ्या रविवारी मोठ्यानं वाचायला लावतात.